डोकं खाली घातल्याचा फाऊल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. उलट तिच्यासाठीच केलं, अशी मनाची समजूत घालत आलो — तेही खोटंच. तुम्ही म्हणाल, फुटबॉलच्या एका शिट्टीचं एवढं काय?

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ज्याला त्याला जिल्ह्यातलं काहीतरी पहिलं करायची घाई. पावसानं मात्र सलग दुसऱ्या वर्षी दडी मारलेली. मी अहमदपूरला शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि आसपासच्या सामन्यांचा पंच. नियमाला पक्का माणूस, असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते ऐकायला फार आवडायचं.

कपाचा शेवटचा सामना आमच्या गावाचा आणि जळकोटचा होता. चुना कालवायला पाणी कुठलं? रेषा राखेनं मारल्या होत्या. जमीन अशी टणक, की टप्पा खाल्लेला चेंडू गुडघ्यावर येईल की छातीवर, सांगता यायचं नाही. अशा मैदानावर पाय फार वर जातात. पंचानं चेंडू सोडून पायच बघायला हवेत.

कप ज्यांनी ठेवला होता ते आप्पा. गावात पाण्याचे टँकरही त्यांचेच फिरायचे, आणि आमच्या टीमचा फॉरवर्ड त्यांचा सख्खा पुतण्या. सामन्याआधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“काय सर, टँकर येऊन राहिला ना तुमच्या गल्लीत?”

“हाव, आप्पा.”

“मग बरं हाय.”

एवढंच. ही धमकी होती का? शपथेवर विचाराल तर नाही म्हणावं लागेल. पण मी भ्यालो. टँकर थांबला तर बायको पाणी कुठून आणणार, असं मनाशी म्हणालो. पहिल्या हाफात पुतण्यानं तीनदा पाय समोरच्याच्या तोंडापर्यंत नेला आणि तिन्ही वेळा मी गप्प राहिलो. लागला तर नाही ना — असं म्हणून सोडलं. खरं तर ती शिट्टी पाय लागायच्या आधीच वाजवायची असते, कुणाला लागू नये म्हणूनच तो नियम आहे. हे मीच तर शाळेत शिकवायचो! दर वेळी तो माझ्याकडे वळून बघायचा. त्याला काय ते कळलं होतं. आज इथं काहीतरी वाईट होणार, हे मलाही कळलं होतं — आणि मी नुसता पळत राहिलो.

जळकोटच्या बचावात गंगाधर नावाचा तरुण होता. पोलीस भरतीची तयारी करत होता; घरातला पहिला नोकरदार तोच होणार, असं त्याच्या गावचे लोक सांगायचे. सामना संपत आलेला, गोल कुणाचाच नाही. त्यांच्या गोलसमोर चेंडू उसळला. हेडनं बाहेर काढायला गंगाधर जरासा वाकला. समोरून पुतण्या आला. मी पाच पावलांवर होतो. तो चेंडूकडे बघतच नव्हता. गंगाधरच्या तोंडाकडे बघून त्यानं पाय मारला.

मी शिट्टी वाजवली. सगळं मैदान थांबलं. पुतण्याला बाहेर काढायचं आणि किक जळकोटला द्यायची, इतकं ते सरळ होतं. पण आणखी एक नियम आहे — खेळाडूनं स्वतःचं डोकं धोका होईल इतकं खाली नेलं, तर फाऊल त्याचाच धरता येतो. तो मला नेमका तेव्हाच का आठवला? मी हात वर केला आणि किक आमच्या टीमला दिली. गंगाधर तोंड धरून जमिनीवर पडलेला, बोटांतून रक्त येतंय — आणि मी जळकोटवाल्यांना नियम समजावून सांगतोय. त्यांनी वाद घातला नाही. सर म्हणतात तर असेल, म्हणाले. त्याला उचलून रेषेबाहेर नेलं, आणि त्याच किकवर गोल झाला.

सकाळी टँकर आला. त्या पाण्यानं मी अंघोळ केली.

गंगाधरचा उजवा डोळा गेला, म्हणजे भरतीही गेली. अहवालात मी लिहिलं, ‘खेळाडूच्या स्वतःच्या धोकादायक खेळामुळे दुखापत.’ अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

पुष्कळ वर्षांनी तो मला देगलूरच्या एसटी स्टँडवर भेटला. मी ओळख चुकवायला बघत होतो, तर त्यानंच गाठून वाकून नमस्कार केला. चहा पाजला.

“गावात पोरांना फुटबॉल शिकवून राहिलो, सर,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी सांगतो, डोकं खाली घालायचं न्हाई. माझ्या चुकीनं माझा डोळा गेला, तुमचा जाऊ नये. लई घोकून घेतो त्यांच्याकडून.” मग म्हणाला, “बरोबर सांगतो ना, सर?”

स्टँडवर गर्दी होती, पण आमच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. आप्पा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. गल्लीत नळ आले होते. मला कुणाचीही भीती नव्हती.

मी म्हणालो, “बरोबर सांगतोस.”