आत्याचा अद्ययावत फोन

आमची आत्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करते. अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं. काम देणारी एक कंपनी आहे आणि त्या कंपनीचं एक ॲप आहे. दारात पोचलं की त्यात हजेरी लावायची. हजेरी नाही तर तुम्ही आलाच नाहीत, मग आत कितीही राबा.

सध्या तिच्याकडे एकच पेशंट, एक निवृत्त मास्तर. उजवी बाजू लुळी पडलेली. त्यांना भरवणं म्हणजे खायचं काम नाही. घास जरा चुकला की ठसका लागतो, म्हणून ते आत्याशिवाय कुणासमोर तोंड उघडत नाहीत.

एका सकाळी हजेरीऐवजी ॲपवर लाल सूचना आली: 'तुमच्या फोनचा सुरक्षा पॅच जुना आहे. अपडेट करा.' आत्याला हे जिव्हारी लागलं. दर रविवारी चहा पिऊन झाला की ती फोनचं अपडेट तपासते. उत्तर ठरलेलं, 'तुमचा फोन अद्ययावत आहे', आणि शेजारी हिरवी खूण.

मी सेटिंग्ज उघडून पाहिलं. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा अक्षरं-आकड्यांचा लांबलचक कोड होता, आणि त्याच्या खाली सुरक्षा पॅचची तारीख, दोन वर्षांपूर्वीची. पॅच म्हणजे ठिगळ. चोरांना शिरता येईल अशी भोकं फोनमध्ये सापडत राहतात आणि फोन बनवणारे ती बुजवत राहतात. आत्याच्या मॉडेलला ठिगळं लावणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. 'अद्ययावत आहे' याचा अर्थ एवढाच, की आमच्याकडून आता काही मिळणार नाही. मग तसं सरळ सांगा ना! गोड बोलून केसाने गळा कापता आणि वर हिरवी खूण दाखवता?

सुरक्षा नको असं मी म्हणत नाही. मास्तरांच्या आजाराची सगळी माहिती त्या ॲपमध्ये आहे. पण एवढी काळजी आहे तर कंपनीने फोन द्यावा. मी तिथे फोन करून विचारलं.

"अपडेट करा," तिथल्या मॅडम म्हणाल्या.

"येतच नाहीये."

"मग नवीन घ्या." आणि फोन ठेवला.

इकडे आत्याने स्वतःच डोकं चालवलं. घोळ तारखांचा आहे ना, मग तारखा जुळवू! तिने फोनमधली तारीखच दोन वर्षं मागे नेली. ॲपला पॅच ताजा वाटला, हजेरी लागली. "बघ, मिटवलं की नाही?" म्हणत ती दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी तिने तारीख पूर्ववत केली, आणि चुकीच्या तारखेमुळे नेट न जोडल्याने दिवसभर फोनमध्येच अडकलेली ती हजेरी कंपनीकडे गेली, दोन वर्षं जुन्या तारखेची.

कंपनीने ठरवलं, बनावट हजेरी. काम बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरांच्या घरून निघताना कुणी न मागता स्वतःची पिशवी उघडून दाखवणारी ही बाई, आणि हिला लबाड म्हणता?

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे नवी बाई गेली, नवा फोन घेऊन. दुपारी आत्या माझ्याकडे बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात तिचा तो जुना फोन वाजला. पलीकडे ती नवी बाई होती.

"ताई, आजोबा तोंडच उघडत नाहीत हो. सकाळपासून पोटात काही नाही."

"ठेव तो फोन," मी ओरडलो. "त्यांचं ते बघून घेतील!"

आत्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मास्तरांनी काय केलंय तुझं?"

तिने व्हिडिओ सुरू केला. "हनुवटी जरा खाली घे त्यांची. आता डाव्या गालात दे, अर्धाच चमचा. गिळलं का बघ, मगच पुढचा. मास्तर, मी आहे हो इथे."

मास्तरांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत आत्या जागची हलली नाही.

मग ती बाई चाचरत म्हणाली, "ताई, ॲपमध्ये विचारतंय, कोणी भरवलं. काय लिहू?"

"तुझंच नाव लिही," आत्या म्हणाली. "माझा फोन चालत नाही."