तीन पाकळ्यांचा भाऊ

मत्सर मला लांबूनच ओळखू येतो. उभा जन्म तमाशाच्या फडात गेला. आपली भूमिका दुसरीला मिळाली, की विंगेत उभी राहिलेली बाई तिच्याकडे कशी बघते, ते मी पाहिलंय, आणि स्वतःही तसं बघितलंय. गेल्या हिवाळ्यात तीच नजर मला शेजारच्या मानसिंगच्या डोळ्यांत दिसली. धाकटा भाऊ उदयसिंह अंगणात नुसता दात घासत होता, तरी मानसिंग त्याच्याकडे तसा बघत होता.

विटा-कराड रस्त्यावरचं आमचं गाव. तिथून दर चैत्रात जोतिबाच्या यात्रेला सासनकाठी जाते. आकाशात शिरलेला उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, तोल राहावा म्हणून चार बाजूंनी ताणून धरलेले दोर. ती काठी अंगाशी घेऊन हलगीवर नाचवायचा मान मानसिंगच्या घराचा. मिसरूड फुटायच्या वयात बापानं ती त्याच्या हातात दिली, ती त्यानं पन्नाशी उलटेपर्यंत सोडली नाही. एरवी हा माणूस उसाला पाणी पाजणारा, बोलायला लाजणारा. काठी घेतली की मात्र राजा! आमचा फड पहिल्यांदा या गावात उतरला तेव्हा मी त्याला नाचताना पाहिलं. पायांत चाळ बांधून पोट भरणारी बाई मी, पण तसा ठेका माझ्या पायांत कधी आला नाही. थकल्यावर मी इथंच घर केलं, त्यात त्या ठेक्याचाही वाटा आहे.

कारखान्यावर तपासणीचं शिबिर झालं आणि सगळं फिरलं. छातीला नळी लावताच डॉक्टरला हृदयात फुर्रर्र आवाज आला. सांगलीला नेऊन सोनोग्राफी केली. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. मानसिंगला जन्मापासून दोनच. तेवढ्यानं अडलं नसतं, पण झडपेच्या वरची मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, फुगली होती. "जोर लावून काही उचलायचं नाही," डॉक्टर आम्रपाली वाघमारे म्हणाल्या. "एकदम दाब वाढला तर ती फाटू शकते. मग दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही."

म्हणजे काठी गेली. आणि गेली ती उदयसिंहकडे. तो फौजेतून हवालदार होऊन नुकताच परतलेला, पोलादासारखा.

असा आजार घराण्यात असू शकतो म्हणून सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाल्या. मानसिंगनं ते लगेच मनावर घेतलं. भावाला त्यानं स्वतः मोटारसायकलवर घालून सांगलीला नेलं. गावाला वाटलं, केवढी ही माया! संध्याकाळी परत आला तो तडक माझ्या ओट्यावर.

"आक्का, त्येला तीन हायत."

"बरं झालं की रे."

"बरं कसलं! एकाच आयच्या पोटातनं आलो आमी. त्येला तीन दिल्या, मला दोन. वाटणीत बी कवा असं केलं न्हाई कुणी."

मला हसू आलं. भावाला आजार निघावा या आशेनं तो गेला होता. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर माझ्यापुढं मान वर करत नव्हता. पुढं प्रत्येक गोष्ट त्याला टोचायला लागली. उदयसिंह खताचं पोतं एका हातानं फेकायचा, हा तोंड फिरवायचा. उदयसिंह लोणच्याची फोड चोखायचा, आणि याच्या ताटात अळणी आमटी.

फेब्रुवारीत डॉक्टरांचा फोन आला. ज्यांच्या झडपेला दोनच पाकळ्या, त्यांच्यातल्या कुणाची धमनी पुढं फुगत जाणार, हे रक्तातल्या काही खुणांवरून आधीच कळेल का, असं संशोधन सांगलीत सुरू झालं होतं. मानसिंगचं रक्त हवं होतं, आणि ताडून बघायला निरोगी माणसाचं म्हणून उदयसिंहचंही.

मानसिंगच्या डोक्यात भलतंच शिरलं. दोघांचं रक्त शेजारी-शेजारी ठेवणार, म्हणजे ही कुस्तीच! आपलं रक्त जोरकस निघालं तर काठी परत मिळेल. मला दोघांच्या सोबतीला नेलं होतं. सुई हातात घेऊन नर्सनं विचारलं, "काल-परवा काही कष्टाचं, जड काम केलंय का?"

मानसिंगनं छाती काढली. "व्हय की! काल काठी नाचवली. ह्यो विट्याच्या बाजाराला गेलता, तवा गल्लीतल्या पप्पूला आन् पोरांना दोर धराय लावलं. म्हटलं, रक्त जरा तापलेलं असावं. थंड रक्त काय बोलणार?"

नर्सची सुई हवेत राहिली. उदयसिंह उठून उभा राहिला, आणि मला वाटलं आता मारतो. पण तो भिंतीला टेकला.

डॉक्टर आल्या. रागावल्या नाहीत. "दादा, श्रमानं रक्तातल्या खुणा बदलतात. आज घेतलेलं रक्त आमच्या कामाचं नाही."

"आन् नंतर घेतलं तर? मी काठी धरू का नको, त्ये रक्त सांगंल?"

"नाही. आम्ही अजून शोधतोय. कदाचित तुमच्या नातवंडांच्या वेळी सांगेल. आज धमनीचा फोटो सांगतो, आणि तो नको म्हणतोय."

परतताना आम्ही एसटीनं निघालो. तासगाव मागं पडल्यावर उदयसिंह म्हणाला, "आण्णा, मी बी न्हाई धरत काठी. तू माज्यावर जळून चोरून नाचणार, आन् एक दिस तिथंच पडणार. असला मान नको मला. जाऊ दे कोंडीबाच्या घरात."

कोंडीबा म्हणजे भावकीतला चुलतभाऊ. तीन पिढ्या त्या घराचा या मानावर डोळा. मानसिंगचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"कोंडीबा?" तो ओरडला. "त्या बेन्याला सरळ चालता येत न्हाई!"

"शिकंल की."

"माज्या बापाची काठी त्येच्या हातात? मी मेलो तरी न्हाई!"

"तू मरू नको म्हणून तर सोडतोय."

भावाचा हेवा त्याला जड जात होता, पण कोंडीबाचा त्याहून जड. शेवटी तो पुढं बघतच म्हणाला, "धर तूच. मी हात लावत न्हाई. आक्काच्या देखत सांगतो."

पंधरवड्यानं, नीट विश्रांती घेऊन, दोघं रक्त देऊन आले. आपल्या एकट्याच्या रक्ताचा निकाल कुणी सांगणार नाही, हे मानसिंगला आता पाठ होतं. तरी निघताना त्यानं नर्सला विचारलंच, "रंगानं तरी कुणाचं बरं वाटतंय?"

यात्रेला निघायच्या सकाळी उदयसिंहनं काठी उचलली. पाय आधी कवायतीसारखे पडले, मग हलगीनं त्यांना सैल केलं. गुलालात उभ्या मानसिंगचा जबडा घट्ट आवळलेला होता. कोंडीबा त्याला ढोसून म्हणाला, "गड्या, तुज्यापरास बेस नाचवतोय की रं धाकला!"

"मग?" मानसिंग उसळला. "शिकवलं कुणी?" आणि कोंडीबाला बाजूला सारून तो काठीपुढं उलटा चालू लागला, हात पाठीमागं गच्च बांधून, तोंडानं मात्र गर्जत, "उदय, खांदा ढिला सोड! कमरेतनं घे, कमरेतनं!"