गाडी ऐकून राहिली

काकू फोन कधी कानाला लावायच्या नाहीत. तव्यावरून उतरवलेली पोळी धरावी तसा तळहातावर आडवा धरायच्या, तोंडासमोर आणायच्या, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "बोल वं माय, गाडी ऐकून राहिली."

गाडी म्हणजे उमरेडहून नागपूरला जाणारी सकाळची एसटी. काकू नागपुरात मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या करायला जायच्या, मी कॉलेजात. आणि 'गाडी ऐकून राहिली' यात खोटं काहीच नव्हतं. ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत सगळे ऐकायचे. दुसरा इलाज काय होता?

सरळ सांगते, मला याचा भयंकर संताप यायचा. तुम्हीही रोज सोसता. कुणाच्या मूळव्याधीचं ऑपरेशन, कुणाचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण, कुणाचे रील, आणि ते रील पाहून स्वतःच हसणारा माणूस. एसटी ही कुणाची बैठकीची खोली नाही, हे मी आजही म्हणते. आम्ही काही मैत्रिणींनी तर पत्रकच काढलं होतं. वर ठळक अक्षरांत ओळ होती: 'स्पीकर बंद करा. घरच्या गोष्टी घरातच बऱ्या.'

ते मी सगळ्यात आधी काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ओठ हलवत पूर्ण वाचलं, घडी घातली आणि त्यानंच वारा घेत बसल्या. "कागद मजबूत आहे वं," म्हणाल्या.

त्यांची लेक मौद्याला दिलेली. रोज तिलाच फोन. आणि बोलणं काय, तर भाजी.

"काय केलं आज?"

"वांगे."

"कालही वांगेच होते न?"

मागून एक काका म्हणायचे, "वांग्याचाच सीझन आहे बाई, पोरगी तरी काय करन." हे काका दिघोरीला उतरणारे. एकदा पोरीच्या तापाचा विषय अर्धवट राहिला म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत आले आणि तिथून पायी परत गेले. कंडक्टर त्यांना म्हणाला, "काका, आता पासच काढा ऐकाचा."

एक दिवस मी तडकले. "काकू, तुमच्या मुलीची वांगी आम्ही का म्हणून ऐकायची?"

त्यांनी आधी फोन बंद केला. मग इतक्या हळू बोलल्या, की त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"तिच्या घरी फोन सासूपाशी रायते. तिले स्पीकरवर ठेवूनच बोला लागते. सासू ऐकते, नणंद ऐकते. मंग माह्या पोरीच्या बाजूनं कोणी ऐकाले नको काय?"

मी हातातली पत्रकं पिशवीत ठेवली.

मग माझ्या लक्षात आलं, की हे गाडीला आधीपासून माहीत होतं. फोन लागला की कुणीतरी मुद्दाम खाकरायचं. कंडक्टर उगाचच घंटी मारायचा. भाजीचं टोपलं घेऊन येणाऱ्या एक मावशी मोठ्यानं विचारायच्या, "बरी आहेस न वं पोरी?" पलीकडून सासूचा गोड आवाज यायचा, "मजेत आहे जी ती." आणि काकू फोन अजून थोडा वर धरायच्या.

थंडीचे दिवस होते. फोन लागला, काकूंनी भाजी विचारली, पण उत्तर आलं नाही. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग सासू म्हणाली, "विहीणबाई, तुमचा तो स्पीकर बंद करा पहिले. घरच्या गोष्टी घरातच बऱ्या."

आमच्या पत्रकातलीच ओळ. शब्द न शब्द. माझ्या पिशवीत ती पत्रकं गठ्ठाभर होती.

काकूंचा फोन खाली आला नाही. "बोल वं माय," एवढंच म्हणाल्या.

"आई, मले घ्याले ये. आजच ये." आणि फोन कटला.

कंडक्टर उठून आला. "काकू, मौद्याची गाडी स्टँडवरच लागते. मी बसवून देतो तुमाले." टोपलंवाल्या मावशी म्हणाल्या, "मी येतो संगं. भाजी काय, सासूच्या दारातच विकीन." मी पण उठले, तर काकूंनी मला खाली बसवलं. "तुही परीक्षा आहे न? बस."

दुसऱ्या दिवशी त्या गाडीत चढल्या, बाक धरून मागं वळल्या आणि सगळ्यांना एकच शब्द म्हणाल्या, "आणली."

त्यानंतर काकूंनी गाडीत फोन काढलाच नाही. कुणाला करणार? लेक घरी होती. पुढं तिला नागपूरच्या पलीकडं, वाडीला एका गोदामात माल तपासून घ्यायचं काम लागलं, मायलेकींनी तिकडंच खोली केली आणि काकूंचं आमच्या गाडीनं येणं संपलं.

ती ओळ आम्ही पत्रकातून काढली. बाकीचं पत्रक आहे तसंच आहे, आणि मी ते अजून वाटते. रीलवाल्यांशी भांडते. पण गाडी दिघोरीजवळ आली, की पोरीनं आज काय केलं असेल, असं मनात येतंच. एकदा त्या काकांनीच विचारलं, "काही खबर?" मी नकारार्थी मान हलवली. ते पिशवी उचलून उतरले.

मग एकदा पत्रकं घेऊन वाडीला गेले होते. अमरावती रोडच्या पलीकडून त्या दोघी चालल्या होत्या. लेकीनं आईच्या खांद्यावर हात टाकला होता आणि दुसरा हात तोंडाशी धरून ती आईच्या कानात काहीतरी सांगत होती. काकू हसून वाकल्या होत्या. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मध्ये ट्रक आला. तो गेला, तेव्हा त्या वळणापाशी पोचल्या होत्या आणि लेक अजून सांगतच होती. मी रस्त्याच्या अलीकडेच उभी राहिले. एक अक्षरही ऐकू आलं नाही.