सविताचं यटर्बियम

लॅबमध्ये मी धूळ साचू देत नाही, रोज पुसतो. किस्से मात्र साचतात, त्यांना फडकं चालत नाही! नगरच्या कॉलेजात एनएमआर मशीन चालवतो मी. म्हणजे एक भलंमोठं चुंबक. त्यात पदार्थाची नळी सोडली की कागदावर रेघा उमटतात आणि आत काय आहे ते कळतं.

*

या चुंबकाला थंड ठेवायला लिक्विड नायट्रोजन लागतो. एकदा पुण्याची गाडी आलीच नाही. मग दूध संघाच्या डॉक्टरांना फोन लावला, गाई भरवायचं वीर्य गोठवून ठेवायला त्यांच्याकडं तोच कॅनमध्ये असतो. त्यांचा माणूस कॅन घेऊन आला, चुंबकाभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "गाय कुठंय?"

*

चुंबकानं कार्डं पुसली जातात, पाकीट बाहेर ठेवा, हा नियम आमच्या लॅबप्रमुख सरांचाच. आणि चार एटीएम कार्डं बाद केली तीही सरांनीच! शेवटी बँकेतल्या बाईंनी विचारलं, "सर, तुम्ही कार्ड कपड्यांबरोबर धुता का?"

*

सविता सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, मिरजगावची. काम लॅन्थॅनाईड नावाच्या धातूंच्या संयुगांवर. खोलीत तिनं मूलद्रव्यांचा तक्ता लावला. घरमालकीणबाईंच्या सुनेनं त्यात युरेनियम वाचलं, झालं! बाई तिच्या हातचा चहा घेईनात. तळाच्या दोन ओळींपैकी ते खालच्या ओळीत आहे, माझं काम वरच्या ओळीत, असं सवितानं परोपरीनं सांगितलं. बाईंनी खालच्या ओळीवर कॅलेंडर टांगलं आणि मगच कप उचलला.

*

तिची लॅन्थॅनमची संयुगं छान निघाली. त्याच ओळीतल्या यटर्बियमचं मात्र तीनदा मशीनमध्ये लावलं, तीनदा कागद कोरा. सर बाहेरगावी होते. मीच फोनवर सांगितलं, काही दिसत नाही. सर म्हणाले, विषय बदलावा लागेल. तीन वर्षं पाण्यात! सवितानं सगळं सोडून येते म्हणून घरी फोन केला, वडील टेम्पो घेऊन आले.

सामान भरून ते लॅबमध्ये आले. घोडेगावच्या बाजारात जनावरं पारखणारा माणूस. कोरा कागद बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, ह्ये तळाचे आकडे काय हायत? मी म्हटलं, शून्यापासून बारापर्यंत, रेघा यातच येतात.

"आन् बाराच्या पुढं?"

पुढं काही नसतं, असं म्हणणार होतो आणि एकदम आठवलं. यटर्बियम स्वतःच चुंबकासारखं वागतं, रेघांना लांब ढकलतं. पुस्तकात वाचलेलं, पण वर्षानुवर्षं साधे नमुने लावून मी पार विसरलो होतो! दोन्ही बाजूंनी हद्द वाढवली, नळी पुन्हा सोडली. ऐंशीच्या पुढं रेघ, शून्याच्याही अलीकडं रेघा. सविता रडायला लागली. मला फार लाज वाटली. सरांना फोन करून चूक माझी म्हणून सांगितलं.

वडिलांना यातलं किती कळलं, देव जाणे. त्यांनी लेकीकडं पाहिलं, टोपी नीट केली आणि मला हळूच म्हणाले, "मंग सामान उतरवू का?"