दसऱ्याची दौड आणि माझ्या वाट्याचे पाच किलोमीटर

श्रीकुलस्वामिनीच्या चरणी मस्तक ठेवून, यंदाच्या विजयादशमीला घडलेली एक गोष्ट गावी राहिलेल्या आणि गाव सोडलेल्या सर्व आप्तांसाठी लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी अकोला सोडले, तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मुलगा आम्हाला बंगळूरला नेण्यासाठी आला होता. सामान गाडीत चढले होते. सर्वांत शेवटी मी देवघरातून चांदीचे टाक उचलले. आमच्या कुलदेवतांच्या या प्रतिमा. नवरात्रात घट बसतात ते यांच्याच पुढे. लाल वस्त्रात गुंडाळून, छातीशी धरून मी बाहेर आलो, तेव्हा धाकटा भाऊ नाना दारात उभा होता. पातूरकडची शेती तोच पाहतो आणि अकोल्याचे घरही त्याच्याच हाती राहणार होते.

"दादा, देव घेऊन चालले तं आमी घट कोनापुढं मांडाचे?"

मी चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस. कुलदेवता ज्येष्ठाकडे असतात, हे मी त्याला तिथल्या तिथे सप्रमाण समजावून दिले. नाना बाजूला सरला. आमचे वडील म्हणत, "देवापुढं भांडन नेऊ नका रे, देवच उठून जाइन." त्या दिवशी भांडण झाले नाही, देव मात्र उठून गेले. तेव्हापासून नाना माझ्याशी बोललेला नव्हता. मी फोन केला की त्याची सून वैशाली घेई आणि संकोचाने सांगे, "मामाजी वावरात गेले."

बंगळूरला सुख आहे, हे कृतज्ञतेने नमूद करतो. पंधराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, आमच्या गुडघ्यांना मानवणारी लिफ्ट आहे. सोसायटीच्या बागेत गणपतीचे लहानसे मंदिर आहे आणि त्याच्या सभोवती लाल रबराचा जॉगिंग ट्रॅक. वॉचमन मला ‘अज्जा’, म्हणजे आजोबा, म्हणतो. भाजीवाल्याशी मी कन्नडात संस्कृत मिसळून बोलतो आणि तो सत्पुरुष ते समजून घेतो. अकोल्यात सकाळी शेजारी ओट्यावरून विचारीत, "काय गुरुजी, झाला काय चहा?" इथे लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाइलपुढे नतमस्तक असतात.

भाद्रपदात वैशालीचा फोन आला. माझ्याच जुन्या शाळेत ती शिक्षिका आहे. शाळेने दसऱ्याच्या सकाळी सीमोल्लंघनाची दौड योजली होती. शीव ओलांडण्याऐवजी पाच किलोमीटर. धावा किंवा चाला. बाहेरगावी गेलेल्यांनी आपापल्या ठिकाणीच चालायचे, अंतर मोबाइल मोजणार. याला व्हर्च्युअल रन म्हणतात. एक अकोल्यातला आणि एक बाहेरचा अशा जोड्या करायच्या. नऊच्या आत जोडीचे दहा किलोमीटर भरले की दोघांच्या नावाने शाळेच्या आवारात आपट्याचे रोप लागणार.

"मोठे मामाजी, तुमची जोडी मी मामाजींसंगं लावली."

"तो हो म्हणाला?"

"हो नाई म्हनले. पन टी-शर्टाचं माप देलं."

त्या मापावर मी महिनाभर जगलो. हा योग हुकला, तर आमच्या वयात दुसरा कधी येणार होता?

नातीने माझ्या फोनमध्ये ॲप घातले आणि बटण कोणते तेही शिकवले. दसऱ्याला पहाटे सहाला मी ते दाबले. ट्रॅकवरचे बाण डावीकडे वळतात. पण मधोमध देव असता मी उलटा कसा फिरणार? देवाला उजवे घालूनच निघालो. समोरून येणारी तरुण मंडळी ओरडत होती, "अंकल, राँग साइड!" मी हात जोडून पुढे जात होतो. प्रदक्षिणा म्हटली की पादत्राण नको, म्हणून बूट बाकाखाली काढले होते. फोनला चामड्याचे कव्हर. तोही बुटातच ठेवला. जन्मभराची सवय, हातांनी मला विचारलेसुद्धा नाही. स्तोत्र म्हणत पाच किलोमीटरच्या दहा फेऱ्या पूर्ण केल्या, प्रसन्न चित्ताने बाकापाशी परतलो आणि फोन पाहिला. शून्य.

तळपायांना फोड आले होते. घरी पत्नीने निक्षून सांगितले, "आता एक पाऊल टाकायचं नाही." मी वैशालीला फोन लावला. झाला प्रकार सांगितला. तिच्यामागे ढोलताशा वाजत होता आणि त्यातूनच नानाचा आवाज आला.

"काय झालं? दादा चाललेच नाई काय?"

"चालले म्हंतात, मामाजी. दहा फेऱ्या, अनवानी. फोन बुटात होता."

"बुटात? कावून?"

"चामड्याचं कव्हर हाये म्हनून."

मग नाना हसला. ते हसू मी तीन वर्षांनी ऐकत होतो. त्याने फोन हाती घेतला.

"दादा, उद्या देवळात जातानी चष्मा बी काढून ठेवसान! राहू द्या. तुमचे पाच मी चालतो."

"नाना, तुझे पाच आत्ताच झालेत."

"ढेकलातून चालनारा मानूस मी, मले काय होते? पन फोन ठेवू नका. बोलत राहा माह्यासंगं."

दहा कोणी किती चालून भरायचे, याचा नियम नव्हता, असे वैशालीने तत्काळ ठरवून टाकले. नाना पुन्हा निघाला; अंतर मोजणारा त्याचा फोन घेऊन वैशालीही सोबत. मी पाय कोमट पाण्यात सोडून घरी खुर्चीत बसलो आणि सव्वा तास आम्ही भाऊ बोलत होतो. कपाशी, वरूडच्या मावसभावाची संत्री, कोण गेले, कोणाचे लग्न जमले. चढाला त्याचा श्वास लागला तशी त्याने हळूच विचारले, "दादा, यंदा घटाचं धान कसं उगवलं?"

मी खरे सांगितले. "विरळ. माती पाकिटातली होती रे."

मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी तुला शास्त्र सांगितलं. तू विचारलं होतंस ते मात्र मी ऐकलंच नाही. पुढच्या नवरात्राला टाक घरी आणतो. मग ते तिथेच राहतील."

त्याच्या पावलांचा आवाज मंदावला.

"आना," तो म्हणाला. "पन बसवाले तुमीच या. मले मंत्र नाई येत." आणि लगेच आवाज चढवून, "वैशाली! झाले काय वं पाच?"

नऊला दहा मिनिटे होती. झाले होते.

मी अकोल्याला कायमचा परतणार नाही. मुलगा, सून, नात इथे आहेत, आणि हा बागेतला गणपतीही आता ओळखीचा झाला आहे. पण नवरात्राचे नऊ दिवस माझे घर तिथे, नानाच्या वावरातली काळी माती घटाभोवती पसरलेली असेल तिथे. उरलेले दिवस इथे आनंदाने काढीन.

हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांच्या घटाचे धान दाट उगवो, उंबरठ्याच्या आतले आणि दूर गेलेले सारे नीरोगी राहोत, आणि कोणाही भावाने दारात विचारलेला प्रश्न ऐकण्याची बुद्धी आई जगदंबा वेळेवर देवो. शुभं भवतु.