बर्फातलं शिसं

फुलसावंगीहून निघालो तेव्हा बाबा महागावच्या स्टँडपर्यंत आले. आई गेल्यापासून ते घरी एकटेच. मी रसायनशास्त्राचा माणूस. केपटाऊनहून जहाजानं अंटार्क्टिकाला पोचलो, तेव्हा पहिले दोन दिवस नुसतं पांढरं बघूनच डोळे दुखले.

तिथल्या बर्फात शिसं, जस्त, तांबं अगदी किंचित असतं. काही वाळवंटातल्या धुळीबरोबर, समुद्राच्या तुषारांतून, ज्वालामुखीच्या राखेतून आपसूक येतं. काही मात्र आपल्या भट्ट्यांच्या आणि गाड्यांच्या धुरातून. कुठलं किती, हे शोधायला मी बर्फात खड्डा खणून एकेका थराचा नमुना बाटलीत भरत होतो. अंगावर प्लास्टिकचा झगा, हातांवर तीन जोड हातमोजे. माणसाचा श्वाससुद्धा तिथं घाण ठरतो, म्हणून सगळे लांब.

तळावर उपग्रह फोन होता, आठवड्याला ठरलेल्या वारी प्रत्येकाची एक पाळी. पहिल्याच फोनवर बाबा म्हणाले, "भाव नाही, कापूस घरातच पडून हाये सगळ्यांचा. आपल्या गल्लीत तीन घरांले कुलूप लागलं, लोकं कामाले गेले सुरतेले." तब्येत जपा, एवढं म्हणून मी फोन ठेवला. पुढची पाळी मी दुसऱ्याला दिली. त्याच्या पुढचीही.

खड्ड्याच्या नवव्या दिवशी वारा फिरला. आमच्या बर्फगाडीचे चालक शिंदेमामा, साताऱ्याचे, त्यांनी ऊब मिळावी म्हणून इंजिन सुरू केलं होतं. धूर सरळ खड्ड्याच्या उघड्या भिंतीवर आला. निम्म्या बाटल्या भरून झाल्या होत्या.

मामा धावत आले. "सर, दिसतंय का कुठं काही? बर्फ पांढराच हाय की."

"दिसत नाही, मामा. पण आता त्यात आपलंच शिसं आहे."

भरलेल्या सगळ्या बाटल्या बाद केल्या. तीन दिवस वादळ झालं. जहाज निघायला एकच दिवस उरला तेव्हा दोन किलोमीटर पुढे उरलेल्या बाटल्यांपुरता नवा, उथळ खड्डा खणला. मामा लांबवर इंजिन बंद करून सहा तास गाडीत बसून राहिले. मला ती गाडी वाटाण्याएवढी दिसायची. संध्याकाळी नमुने मिळाले. मामांच्या बोटांना मात्र तीन दिवस चमचा धरता येत नव्हता.

मार्चमध्ये परतलो. महागाव सोडल्यावर कित्येक शेतांत पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) तशीच उभी होती, उपटायलाही कुणी मागं राहिलं नव्हतं. घरी बाबांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. मी खड्ड्याची सगळी हकीकत सांगितली.

"मले एक सांग," ते म्हणाले, "तिथं माणूस राहत नाही, मंग शिसं कसं पोचलं?"

"वाऱ्यानं, बाबा. वरच्या हवेतून हजारो मैल जातं."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आन तुहा दुसरा फोन काहून नाही पोचला?"

खोटं सांगावंसं वाटलं नाही. "काय बोलावं ते सुचत नव्हतं, बाबा."

"मले तरी कुठं सुचत होतं? मी आपला तुह्या वाराले फोनपाशी बसून राहो."

एकटेपणा पृथ्वीच्या टोकालाच असतो, असं मी तोवर समजत होतो. त्या रात्री बाबांचं अंथरूण मी माझ्याशेजारी घातलं.