दिनकरचा आवाज आमच्या ओटीवर

आधीच सांगून टाकते — मी शास्त्र शिकवणारी बाई. रत्नागिरी तालुक्यातल्या शाळांत उभा जन्म गेला. भुताखेताच्या गोष्टी सांगून बाकीच्यांना घाबरवणाऱ्या कार्ट्यांना मी वर्गाबाहेर उभं केलंय. तेव्हा पुढचं वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... वर्षापूर्वी मीही हसले असते.

आमचं घर गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, शहराबाहेरच्या एका वाडीत. वाडीचं नाव देत नाही, कारण माणसं जिवंत आहेत. पलीकडच्या घरात माझा चुलत दीर दिनकर राहतो. मुंबईला गोदीत मुकादम होता. आवाज असा घोगरा आणि मोठा की मांडवीच्या जेटीवरून हाक मारली तर भगवती बंदरात ऐकू जावी. बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायची सवय.

आम्ही मुलीच्या बाळंतपणाला पुण्यात असताना ह्या माणसाने दोन घरांमधला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे हद्दीची भिंत, आमच्या बाजूला सरकवला. आमची हापूसची चांगली फळं धरणारी कलमं त्याच्या बाजूला गेली. गावकीत विषय निघाला तेव्हा देवळाच्या पायरीवर हात ठेवून म्हणाला, "गडगा माझ्या बापाने घातलाय, होता तिथेच आहे." आमचे हे उत्तर द्यायला उठले... तोंड वाकडं झालं आणि तिथेच कोसळले. अर्धांगवायू. हातपाय थोडेफार सुधारले, पण वाचा गेली ती गेलीच.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत तेव्हा एक परदेशी जोडपं भाड्याने राहत होतं — एलेनबाई आणि वॉल्टर. दोघं सत्तरीची. नातवंडं अमेरिकेत सोडून मिशनतर्फे दीड वर्षासाठी आलेली. आपल्याकडे ह्या वयात लोक काशीला जातात, ही आमच्या वाडीत आली! सकाळी दोघं हातात हात घालून फिरायला जायची आणि येताना वाटेतलं प्लास्टिक, खोके, जे पडलं असेल ते पिशवीत भरून आणायची. मग रिक्षाने शहरात. वॉल्टर एका शाळेतले नळ, बाकं, पंखे दुरुस्त करायचा. एलेनबाई बोलता न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायची, तिकडेही आयुष्यभर तिने तेच केलेलं. संध्याकाळी केक नाहीतर बिस्किटं करून कुणा आजाऱ्याकडे जायची. ह्यांचं कळल्यावर ती रोज सकाळी आमच्या ओटीवर बसून ह्यांच्याकडून "आ... ई... ऊ..." करून घ्यायला लागली. किती महिने! घशातून नुसती हवा यायची.

आणि नेमका त्याच वेळी गडग्यापलीकडे दिनकर फोनवर कुणाशी तरी खो-खो हसायचा. वाटायचं, तोच चिरा उचलून ह्याच्या टाळक्यात घालावा.

शेवटी एका शनिवारी मी नारळ घेतला आणि मागच्या नारळी-पोफळीच्या आगराच्या कोपऱ्यातल्या राखणदाराकडे गेले. राखणदार म्हणजे जागा राखणारा. दिसायला शेंदूर फासलेला एक चिरा, बाकी काही नाही. अन्याय झाला की त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालून नारळ ठेवायचा, फोडायचा नाही, आणि मागे न बघता घरी यायचं. त्या नारळाला मग वाडीतलं कुणी हात लावत नाही. शास्त्राच्या बाईला हे शोभत नाही, मान्य. विश्वास नव्हता, पण राग होता. मी म्हटलं, "बा राखणदारा, ज्या तोंडाने तो खोटं बोलला त्याची वाचा काढ आणि माझ्या माणसाला दे." अगदी ह्याच शब्दांत म्हटलं.

रविवारी संध्याकाळी एलेनबाई नारळाचा केक घेऊन आली. त्या दोघांचा महिन्यातला उपासाचा दिवस होता, तरी दुसऱ्यांसाठी ओव्हन चालूच. मला शुगर, त्यामुळे मी तोंडात घातला नाही. अर्धा तिने ह्यांना आपल्या हाताने भरवला आणि उरलेला अर्धा ताटलीत घालून निघाली.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"दिनकरला. बायको लेकीकडे गेली. एकटा आहे. शेजारी आहे ना, सुमनताई?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हाताऱ्या बाईला काय बोलणार!

सोमवारी सकाळी मी आत भाकऱ्या थापत होते. ओटीवर आ-ई-ऊ चाललेलं. एवढ्यात दोनदा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि दिनकर म्हणाला — "सुमन, चहा टाक."

माझ्या घरात! ह्यांच्यासमोर! वर मला नुसत्या नावाने हाक! पिठाच्या हातात उलथनं धरून मी धावले. "माझ्या ओटीवर पाय ठेवायची तुझी हिंमत..."

ओटीवर दिनकर नव्हता. हे खुर्चीत बसलेले. एलेनबाई त्यांचा हात धरून रडत होती. वॉल्टर मात्र हातातला कप तसाच धरून गडग्याकडे बघत होता, दिनकर कुठून बोलला ते शोधत.

ह्यांनी दोनदा घसा खाकरला. "अगं, मी बोलतोय," ते म्हणाले. आवाज दिनकरचा.

दुपारी दिनकरची बायको वनिता लेकीकडून परतली आणि थोड्याच वेळात धावत आमच्याकडे आली.

"वैनी, ह्यांची वाचा बसली हो! सकाळपास्नं एक शब्द नाय काढलानी. नुसतं तोंड उघडतायत नि मिटतायत..."

तेवढ्यात आतून ह्यांनी मला हाक मारली. वनिता होती तिथेच थिजली. मग अगदी हळू म्हणाली, "हे हितं कवा आले?"

मी आतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी मी एलेनबाईला विचारलं, केकला नारळ कुठला? तर म्हणाली, "आगरात पडलेला. लाल दगडाजवळ. मी कचरा उचलत होते. वाया जाईल ना?"

शहरातल्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. दिनकरच्या घशात काही दोष नाही. ह्यांच्याबद्दल म्हणाले, अशा दुखण्यानंतर आवाज बदलू शकतो. बदलू शकतो हो... पण शेजाऱ्याचा होतो? एलेनबाई आणि वॉल्टर आधी प्रार्थना फळाला आली म्हणून खूष होती. मी नारळाचं सांगितल्यावर तो आनंद मावळला. त्यानंतर वॉल्टर रोज जाऊन दिनकरजवळ बसायचा. एकाला बोलता येईना आणि दुसऱ्याला मराठी येईना. एलेनबाई माझ्या मागे लागली, "माफ करा त्याला, सुमनताई."

"तुम्हाला सोपं आहे, बाई. कलमं तुमची गेली नाहीत आणि नवरा तुमचा पडला नाही."

खोटं कशाला बोलू? दिनकर मुका झालेला बघून मला इतकं बरं वाटायचं की भाकरी एक जास्त जायची. गडग्यापाशी मुद्दाम उभी राहून मी ह्यांच्याशी बोलायचे, त्याला ऐकू जावं म्हणून.

गाऱ्हाणं सोडवायचं तर ज्याने घातलं त्यानेच दुसरा नारळ ठेवून "सोडलं" म्हणावं लागतं. वनिता नारळ घेऊन आली, पदर पसरला. मी म्हटलं, "आधी गडगा मागे घ्या." दिनकर पलीकडे उभा होता. त्याने मान हलवली — नाही! मुका राहीन, पण कलमं सोडणार नाही. आणि त्याने गडगा घेतला असता मागे, तर मी तरी सोडलं असतं का? सोडलं की हे पुन्हा मुके. कशाला सोडू?

मुदत संपली तशी एलेनबाई आणि वॉल्टर जायला निघाली. रिक्षा दारात उभी होती. एलेनबाई ह्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "एक वाक्य बोला. मी लक्षात ठेवेन."

ह्यांनी घसा खाकरला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"सोड त्याला, सुमन. फार हाल होतायत."

मी विचारलं, "हे तुम्ही बोललात, की तो?"

ह्यांनी नुसती नजर गडग्याकडे वळवली. मीही तिकडे बघितलं. दिनकर तिथे उभा होता, आणि त्याचे ओठ अजून हलत होते.

मला ह्याचा उलगडा आजवर झालेला नाही. कुणाकडे असेल तर सांगा, फक्त "मनाचे खेळ" म्हणू नका, ते मी स्वतःला म्हणून झालंय. वनिता रोज संध्याकाळी येऊन आमच्या ओटीवर बसते. हे पेपर मोठ्याने वाचतात आणि ती डोळे मिटून ऐकते. मी तिला चहा देते. जाताना ती पिशवीतला नारळ माझ्यापुढे ठेवते... आणि मी तो तिचा तिला परत देते.